ई-मेलचा शीर्षभाग आणि पत्रसंवादाचे संपादन

पत्रवाङ्मयाच्या अभ्यासकाला एक प्रश्न वारंवार पडतो : समोरचे पत्र नेमके कोणत्या पत्राचे उत्तर आहे? ई-मेलने या प्रश्नाची केलेली सोडवणूक व तिच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम मराठीतील एक उदाहरण पाहू. धारवाडच्या जी. ए. कुलकर्णी यांनी सुनीता देशपांडे यांना लिहिलेली पत्रे ‘जी.एं.ची निवडक पत्रे’ या मालिकेच्या पहिल्या खंडात आहेत. सुनीताबाईंची पत्रे मात्र ‘प्रिय जी. ए.’ या स्वतंत्र पुस्तकात आहेत. एकाच संवादाच्या दोन बाजू अशा विभागल्या गेल्याने वाचकाला दोन्ही पुस्तके उघडी ठेवून तारखांच्या आधारे दुवे जुळवावे लागतात. परंतु तारीख क्रम सांगते, संबंध सांगत नाही. टपालात दोघांची पत्रे एकाच वेळी वाटेत असू शकतात. म्हणून नंतरच्या तारखेचे पत्र हे आधीच्या पत्राचे उत्तर असतेच असे नाही.

ई-मेलमध्ये हा संबंध तारखेपासून वेगळा नोंदविला जातो. संदेशाच्या शीर्षभागात ‘मेसेज-आयडी’ ही त्याची स्वतंत्र ओळखखूण असते. उत्तर पाठविताना मूळ संदेशाची खूण ‘इन-रिप्लाय-टू’ या ओळीत, तर आधीच्या साखळीतील खुणा ‘रेफरन्सेस’ या ओळीत उतरतात. १९८२ च्या ‘आर.एफ.सी. ८२२’ या मानकात ही नावे आढळतात. २००१ व २००८ च्या सुधारित मानकांनी त्यांचा वापर अधिक नेमका केला. साखळीतील एखादा संदेश हरवला तरी ‘रेफरन्सेस’वरून त्याचे अस्तित्व कळते व त्याची जागा रिकामी ठेवता येते. अनुपलब्ध पत्राचीही अशी नोंद राहणे संपादनाच्या दृष्टीने मोलाचे होय.

तथापि ही नोंद कृतीची आहे, आशयाची नव्हे. कोणत्या संदेशाला उत्तर म्हणून मजकूर पाठविला एवढेच ती सांगते. त्यातील कोणत्या वाक्याला उत्तर दिले हे सांगत नाही. जुना संदेश उघडून कोणी निराळाच विषय काढला तरी दुवा कायम राहतो. खरे उत्तर नवा संदेश म्हणून लिहिले तर दुवाच उरत नाही. २००४ साली आलेल्या जी-मेलने संदेशांची संभाषणवार मांडणी रूढ केली. तेथेही विषयाची ओळ बदलली की संभाषण तुटते. सबब यंत्राने जुळविलेली साखळी हा पुरावा मानावा, निष्कर्ष मानू नये. अर्थाचा दुवा शोधण्याचे काम समीक्षकाकडेच राहते.

मात्र हा पुरावा टिकला पाहिजे. आपल्या महाविद्यालयांत ई-मेलची छापील प्रत काढून ती धारिकेत लावली जाते. त्या प्रतीवर पाठविणारा, तारीख व विषय एवढेच सहसा येते. जोडणाऱ्या ओळी गळून पडतात. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या, १८४० पासूनची परंपरा असलेल्या संस्थांकडे उद्या लेखकांचा पत्रव्यवहार ई-मेलच्या रूपात येईल. त्या वेळी छापील प्रतींबरोबर संपूर्ण शीर्षभागासह मूळ संदेशही मागून घ्यावेत. अन्यथा पुढील संपादकाला पुन्हा तारखांवरूनच तर्क करावा लागेल.