मिडलवेअरमधील दुहेरी विनंती-प्रक्रिया : जँगोच्या रचनेची चिकित्सा

संकेतस्थळाकडे येणारी प्रत्येक विनंती व्ह्यूपर्यंत पोहोचण्यापूर्वी मिडलवेअरच्या थरांतून जाते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जँगो या पायथॉन-चौकटीत हे थर दीर्घकाळ केवळ सिंक्रोनस, म्हणजे हातचे काम संपेपर्यंत थांबून राहणारे होते. डिसेंबर २०१९ मध्ये ३.० आवृत्तीने एएसजीआय स्वीकारले. ऑगस्ट २०२० मधील ३.१ आवृत्तीने असिंक्रोनस व्ह्यू व मिडलवेअर उपलब्ध केले. हडपसरच्या मगरपट्ट्यातील संगणक कंपन्यांकडे आशेने पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकविताना या बदलाची चिकित्सा अगत्याची ठरते.

जुने मिडलवेअर मोडू न देण्याचा निर्णय रास्तच होता. जे मिडलवेअर काहीच घोषित करत नाही, ते सिंक्रोनस आहे असे गृहीत धरून जँगो दोन पद्धतींमधील सांधा स्वतः बसविते. दोष येथेच दडला आहे. असा एकच थर मध्ये आला तरी त्या विनंतीसाठी एक थ्रेड उत्तर मिळेपर्यंत अडकून राहतो आणि असिंक्रोनस व्ह्यूचा लाभ जवळजवळ संपतो. सोलापूर रस्ता कितीही रुंद केला तरी गाडीतळापाशी वाहने तुंबावीत, तसाच हा प्रकार. मात्र येथे तुंबलेले दिसत नाही : उत्तर बिनचूक येते, त्रुटीचा संदेश उमटत नाही. या रूपांतराची नोंद केवळ डीबग पातळीवर होते, आणि ती सहसा कोणी पाहत नाही.

‘मिडलवेअरमिक्सिन’ हा मधला मार्ग अधिक विचारपूर्वक आखलेला आहे. त्यात विनंतीपूर्व व उत्तरोत्तर भाग थ्रेडमध्ये चालतात, पण मधल्या प्रतीक्षेत थ्रेड मोकळा राहतो. तरीही अशा थराला ‘असिंक्रोनस-सक्षम’ म्हणणे काहीसे उदार वाटते. खऱ्या अर्थाने दोन्ही पद्धती सांभाळणाऱ्या फंक्शन-मिडलवेअरमध्ये लेखकाला पुढील थर कोरूटीन आहे काय हे तपासून दोन स्वतंत्र फंक्शने लिहावी लागतात. एकाच नियमाच्या दोन प्रती झाल्या की दुरुस्ती एकीतच होण्याचा धोका आलाच. ओळखतपासणीसारख्या कामात हा धोका किरकोळ नव्हे.

ऑगस्ट २०२२ मधील ४.१ आवृत्तीने डेटाबेससाठी असिंक्रोनस पद्धती दिल्या, तथापि त्यांच्याखालील काम थ्रेडमध्येच होत होते. प्रात्यक्षिकात व्ह्यूपुढे केवळ ‘असिंक’ लिहवून घेण्याऐवजी एक सिंक्रोनस थर मुद्दाम घालून व काढून वेळ मोजला, तर हा फरक विद्यार्थ्याला स्वतःच्या आकड्यांत दिसेल.