जरा सरका, पाव्हणं

परदेशात प्रवासाची मालिका काढायची म्हणजे आधी मोटार लागते. अमेरिकेत १९६० ते १९६४ या काळात ‘रूट ६६’ नावाची मालिका चालली. दोन तरणीबांड पोरं, एक बिनटपाची कॉर्व्हेट गाडी आणि समोर सगळी अमेरिका! चित्रीकरणही खरोखर गावोगाव हिंडून केलेलं. गाव मानवलं तर राहिले, नाही मानवलं तर मारली चावी. मधे एका नटाची प्रकृती बिघडली, तर शेजारच्या सीटवर दुसरा पोरगा आणून बसवला आणि गाडी पुढे. मोटार स्वतःची असली की असं जमतं.

आपल्याकडची मालिका आगगाडीतून निघाली. १९८६ साली दूरदर्शनवर श्याम बेनेगलांची ‘यात्रा’ लागायची. आश्रय रेल्वेचा. गाडी हिमसागर एक्स्प्रेस, कन्याकुमारी ते जम्मूतावी, जवळजवळ पावणेचार हजार किलोमीटर. तेव्हा देशातली सर्वांत लांबची गाडी तीच. (२०११ साली दिब्रुगडच्या विवेक एक्स्प्रेसने हा मान पळवला.) नायक लान्स नाईक गोपालन नायर, म्हणजे ओम पुरी. रजा संपवून काश्मीरला हजर व्हायला निघालेला.

आमच्या भाच्याने ही मालिका कुठूनशी मिळवून चकत्यांवर उतरवून दिली, तेव्हा ती घरबसल्या पुन्हा बघितली. सोबतीला शेजारचे आण्णा. आण्णा रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाले, पण शिट्टी अजून खिशात आहे.

या विषयावर बोलायचा आम्हा जयसिंगपूरकरांना थोडा अधिकार आहे. शाहू महाराजांनी आपल्या जन्मदात्या वडिलांच्या नावाने वसवलेलं हे गाव. गल्ल्या फूटपट्टीने आखलेल्या. त्याही आधी, १८९१ साली, मिरज–कोल्हापूर लाइन आली. उणीपुरी पन्नास किलोमीटरसुद्धा नाही. पण तेवढ्यात आमच्या डब्यात काय घडत नाही? ‘जरा सरका की, पाव्हणं’ म्हणून चौघांच्या बाकावर पाचवा टेकतो. अंकलीजवळ कृष्णेचा पूल यायच्या आत त्याच्या पोरीला सुचवलेलं स्थळ, त्याच्या उसाचं वजन आणि त्याच्या भावकीचा दावा सगळ्यांना पाठ झालेला असतो.

‘यात्रा’चं मर्म नेमकं हे ‘सरका’ आहे. कॉर्व्हेटवाल्यांना जे लोक भेटतात ते त्यांनी गाडी थांबवली म्हणून. नायरला जी माणसं भेटतात ती रिझर्वेशनच्या तक्त्याने नेमून दिलेली. स्लीपरच्या डब्यात बहात्तर बर्थ. शेजारी कोण यावा हे ठरवणारा कारकून तुम्हाला कधी दिसत नाही. आवडो न आवडो, पुढचे तीन दिवस हाच तुमचा गाव. बेनेगलांना उगीच भांडणं, पाठलाग आणावे लागत नाहीत. माणसाजवळ माणूस बसवला की त्यांचं काम अर्धं होतं.

आता तुम्ही म्हणाल, रेल्वेच्या पैशातून रेल्वेचंच कौतुक, त्याचं काय घेऊन बसलात? मलाही ही शंका होती. पण या गृहस्थांनी १९७६ साली पाच लाख गुजराती दूध-उत्पादकांकडून दोन-दोन रुपये घेऊन ‘मंथन’ काढला होता. सांगून आलेल्या कामातून स्वतःचं काम कसं साधायचं, हे त्यांना ठाऊक होतं. जाहिरात कुठे दिसतच नाही असं मात्र नाही. नायर फौजी, त्याचं हिंदी खपून जातं. पण दक्षिणेकडून निघालेल्या गाडीत हिंदीचा एवढा सुकाळ? आमच्या मिरज स्टेशनात एका बाकावर मराठी, कानडी आणि दखनी एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या असतात. तो गलका इथे हवा होता. एकात्मतेचा धडा गिरवताना ‘यात्रा’ मधेच शाळेसारखी नीट बसते, तेव्हा आमचे आण्णा जांभई देतात.

एरवी आण्णा सावध. त्यांचं समीक्षण कानाने चालतं. “मास्तर, आवाज ऐका. रूळाच्या सांध्यावरनं चाक गेल्याचा आवाज हाय ह्यो. आता सगळे रूळ वेल्डिंगचे. आवाज गेला, झोप बी गेली.” वनराज भाटियांच्या संगीताबद्दल एवढ्या आत्मीयतेने त्यांनी काही सांगितलं नाही.

१९८६ साली एक भाग संपला की आठवडाभर गाडी यार्डात. चहाच्या टपरीवर पुढचा भाग लोकच रचायचे. आता हातात रिमोट. आण्णा त्याला ‘साखळी’ म्हणतात. दर दहा मिनिटांनी ती ओढतात, कारण स्टेशनची पाटी वाचायची राहते, आणि दंड कुणी करत नाही.

पण ओम पुरींचा चेहरा आला की साखळी ओढली जात नाही. पडद्यावरचा हिरो नव्हे, समोरच्या बर्थवरचा माणूस वाटतो तो. त्यांचे वडील रेल्वेत होते. त्यामुळे असेल नसेल, पण बर्थवर बसायची सवय या माणसाच्या अंगात आहे; डब्यात तो पाहुणा वाटत नाही. सगळ्यांच्या गोष्टी ऐकतो, लागेल तिथे हात देतो. बाकीचे प्रवासी कुठल्या ना कुठल्या आशेने निघालेत. याला मात्र ज्या गावी जायचंय ते त्याने निवडलेलं नाही. गाडी पंजाबातून जाते, आणि १९८६ चा पंजाब म्हणजे काय हे तेव्हा बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं.

अमेरिकन पोरांचा रस्ता मोकळा आहे, म्हणून त्यांच्या प्रवासाचा हेवा वाटतो. नायरचा रस्ता रुळांवरचा, हुकमातला. त्याचा हेवा वाटत नाही, काळजी वाटते. आमच्या भागातून फौजेत गेलेल्या पोरांना हा प्रवास ठाऊक आहे. रजा संपलेला पोरगा, लोखंडी ट्रंक, आईने बांधून दिलेल्या भाकरी, आणि जयसिंगपुरात गाडीचा एवढासा थांबा. तेवढ्यात पाया पडायचं, ट्रंक चढवायची आणि रडायचं नाही.

शेवटच्या चकतीच्या वेळी आण्णांनी साखळी एकदाही ओढली नाही. संपल्यावर विचारलं, “काय, कशी वाटली?”

“गाडी बरी चालवली,” आण्णा म्हणाले. “पण मास्तर, गार्डाला कुणी दाखवतच न्हाई वो नीट. शेवटच्या डब्यात एकलाच असतोय. त्याला कोण म्हणणार, जरा सरका?”