'शेतकऱ्याचा असूड' : पर्यावरणविचाराच्या अंगाने पुनर्वाचन

पदवी वर्गाच्या पर्यावरण अभ्यासाच्या क्रमिक पुस्तकांत या विचाराचा आरंभ बहुधा जॉर्ज पर्किन्स मार्श (१८६४) आणि 'इकॉलॉजी' ही संज्ञा रूढ करणारा अर्न्स्ट हेकेल (१८६६) यांच्यापासून केला जातो. त्यात गैर काही नाही. परंतु महात्मा जोतीराव फुले यांचा १८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड' त्या पंक्तीत का नसावा, हा प्रश्न निदान कसारा परिसरात अध्यापन करणाऱ्यांनी तरी उपस्थित करावयास हवा.

वर्णवर्चस्व आणि नोकरशाही यांवरील टीका म्हणूनच हा ग्रंथ प्रामुख्याने अभ्यासला गेला. त्यातील निसर्गविषयक प्रतिपादन मात्र विलक्षण नेमके आहे. डोंगरावरील पालापाचोळा कुजतो, त्याचे सत्त्व पावसाबरोबर वाहत येऊन शेतात उतरते. वनखात्याने डोंगर व गायराने अडविली की चराई तुटते, गुरे घटतात आणि जमिनीचा कस जातो. डोंगर, गोठा आणि शेत ही एकच साखळी आहे, हे फुले कोणत्याही शास्त्रीय परिभाषेविना सांगतात. उपायही तितकाच रोखठोक : पलटणीतील व पोलिसांतील शिपायांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतात मुरेल.

या प्रतिपादनाची पार्श्वभूमी आपल्या दाराशीच आहे. १८६१ मध्ये लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत आला, १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीस पोहोचला. स्लीपरांसाठी लाकडाची मागणी वाढली. १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले, १८७८ मध्ये वन कायदा आला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. आयोगासमोरील एक प्रमुख वाद राबाचा होता. भाताचे रोप टाकण्यापूर्वी जमीन भाजण्यासाठी लागणारी टहाळी तोडण्याचा हक्क कुणबी, ठाकूर, कोळी यांना असावा की नाही, हा तो वाद.

येथेच 'असूडा'ची मर्यादाही दिसते. फुल्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यत्वे घाटावरील शेतकरी आहे; जंगलातच वास्तव्य असणाऱ्या कातकरी-ठाकुरांचे जंगलाशी असलेले नाते त्यात स्वतंत्रपणे आलेले नाही. म्हणून हा ग्रंथ आणि त्या आयोगाचा १८८७ चा अहवाल वर्गात एकत्र वाचावेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शहापूर-मुरबाडकडील विद्यार्थ्यास राब म्हणजे काय, हे बहुधा समजावून सांगावे लागत नाही. हेकेल मात्र समजावावा लागतो.