सागातलं एक भोक

लाकडातलं भोक डोळ्यांनी पाहायच्या आधी बोटानं पाहावं. परवा आमच्या गावच्या घराच्या नव्या तुळईत मेस्त्रींनी पाडलेल्या भोकात मी करंगळी घातली. व्यास एक इंच, खोली सहा इंच, तुळईच्या एका गालातून दुसऱ्या गालात आरपार. वरची कड नाण्याच्या कडेसारखी, आत कुठे कूस नाही, जळकेपणाचा चिकट चकाकता पट्टा नाही. मधोमध, जिथे खांबाचं कुसू येऊन बसणार त्या खाचेच्या दोन्ही काठांवरही धागा उसवलेला नाही. करंगळी बाहेर काढली तेव्हा तिला सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास होता.

एवढं एक भोक नीट वाचायचं, तर सुरुवात ढलप्यांपासून करावी. तुळईखाली पडलेला ढीग मी मुठीत घेऊन पाहिला. जाड, गुंडाळलेल्या, अखंड ढलप्या होत्या, एकेक नखाएवढी रुंद. भुसा जवळपास नव्हताच. ढलपी पडली म्हणजे धारेनं लाकूड कापलं. भुसा पडला म्हणजे ते नुसतं घासलं. सागात वाळूचा अंश असतो, त्यामुळे त्यात धार फार लवकर मरते, आणि मेलेल्या धारेचं बिट जोरात फिरवलं की भोकाच्या भिंती काळवंडतात. त्या गुळगुळीत दिसतात, पण तो गुळगुळीतपणा भाजल्याचा असतो. मेस्त्री दर चार-पाच भोकांनंतर बिट काढून बारीक कानशीनं घासत होते, तेही फक्त आतल्या बाजूनं. बाहेरून घासलं तर बिटाचा घेर कमी होतो आणि भोक घट्ट पडतं.

आता बिटाचं टोक. लाकडात खोल जायचं बिट म्हणजे आपलं जुनं गिरमिटच. मध्यभागी आट्यांचं टोक, कडेला एक किंवा दोन नखं, त्यांच्यामागे पाती. काम याच क्रमानं होतं. आटे लाकडात शिरतात आणि बिटाला आत ओढतात, नखं वर्तुळाची रेघ कापतात, मग पाती त्या रेघेच्या आतलं लाकूड उचलते. नखं आधी चालतात म्हणून कड स्वच्छ राहते. पण ओढ आट्यांच्या हातात असते, आपल्या नाही. प्रत्येक फेऱ्याला बिट किती आत जाणार हे आट्यांनी आधीच ठरवलेलं असतं, आणि तेवढं लाकूड कापायला लागणारा पीळ यंत्राला द्यावाच लागतो. म्हणून लाकूडकामाला जोरकस ड्रिल लागतं. वेग तिथे उपयोगाचा नाही. सागासारख्या घट्ट लाकडात आटे फारच ओढू लागले, तर जाणकार सुतार ते कानशीनं थोडे बोथट करून घेतात आणि ओढ पुन्हा आपल्या खांद्यात आणतात.

पीळ आणि वेग यांचं नातं साध्या हिशेबाचं आहे. यंत्राच्या दांड्यापर्यंत 600 वॉट पोहोचत असतील, तर मिनिटाला 1200 फेऱ्यांना पीळ पाच न्यूटन मीटरच्या आत राहतो. गिअर बदलून तेच 300 फेऱ्यांवर आणलं की तो 19 च्या आसपास जातो. वॉट तेवढेच, फेरे चौथाई, पीळ चौपट. दुकानात ड्रिल घेताना आपण वॉट विचारतो. विचारायला हवं ते हे: खालच्या गिअरला फेरे किती, बाजूची मूठ केवढी लांब, बिट अडकलं तर पीळ सोडून देणारा क्लच आहे का. गिअर न बदलता नुसता खटका अर्धा दाबून वेग कमी केला तर मोटर तापते आणि पीळ मिळत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यावर मोठा आकडा असतो तो बहुधा बिट अडकून थांबण्याच्या क्षणाचा. आजच्या मोठ्या बॅटरीच्या ड्रिलांवर तो 100 च्या पुढेही दिसतो.

मला मात्र या आकड्याचं नवल वाटत नाही. जुन्या गिरमिटाची आडवी मूठ आठवून पाहा. दोन फुटांचा दांडका, दोन्ही टोकांना दोन हात. प्रत्येक हातानं पंधरा किलोचा जोर लावला, तर मध्यापासून एकेका फुटावर मिळून नव्वद न्यूटन मीटरचा पीळ होतो. म्हणजे आजच्या दांडग्या यंत्राएवढा पीळ आपल्याकडच्या कुठल्याही सुताराच्या दंडात होता. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मलबारी सागाचं ‘ट्रिंकोमाली’ जहाज बांधलं, ते 1817 मध्ये पाण्यात उतरलं. आज ते इंग्लंडात हार्टलपूलला आहे आणि तरंगतं सर्वांत जुनं ब्रिटिश युद्धजहाज म्हणून ओळखलं जातं. ते बांधताना त्याच्या फासळ्यांतलं एकूण एक भोक माणसाच्या हातानं पडलं. विजेवरच्या ड्रिलचं पहिलं पेटंट मेलबर्नमध्ये निघालं ते 1889 मध्ये. हातात धरायचं ड्रिल 1895 मध्ये श्टुटगार्टच्या फाइन यांच्या कारखान्यात झालं. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली खटका ही घडण ब्लॅक अँड डेकरच्या 1917 च्या पेटंटातली.

त्या शेवटच्या पायरीवर मी थांबतो, कारण तिथेच मूठ आखूड झाली. पीळ राहिला तेवढाच, पण तो पेलायला दोन फुटांचा दांडका होता तिथे वीतभर दस्ता आला. बिट लाकडाला जेवढं पिळतं, लाकूड यंत्राला तेवढंच उलट पिळतं. 60 न्यूटन मीटरवर बिट अडकलं आणि हात मध्यापासून पंधरा सेंटीमीटरवर असेल, तर त्या हातावर चाळीस किलोचा हिसका बसतो. तोच हात साठ सेंटीमीटरवर नेला तर दहा किलो. शिवाय हाताच्या गिरमिटाला गाठ लागली की माणूस आपोआप थांबायचा, कारण जोर त्याचाच होता. यंत्राला गाठ लागल्याचं कळत नाही. ते फिरायचं सोडत नाही. बिट अडलं तर उरलेलं सगळं फिरतं, म्हणजे यंत्र आणि ते धरणारा.

हे मी मनगटावर शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी गोठ्याच्या उभ्या खांबात, शिडीवर चढून, बाजूची मूठ न लावता मी भोक पाडत होतो. खटका आत रोवून ठेवायचं बटणही दाबलेलं होतं. आत जुना चौकोनी खिळा होता. उभ्या खांबात आडवं भोक पाडताना अडकलेलं ड्रिल ठरल्या दिशेनंच फिरतं: खालचा दस्ता उजवीकडे, डावीकडची मूठ खाली. माझं उजवं मनगट दस्त्याबरोबर गेलं आणि बोट सुटूनही यंत्र थांबलं नाही. तीन आठवडे प्लास्टर होतं. तेव्हापासून ते बटण मी मोठ्या बिटाला कधी वापरत नाही, शिडीऐवजी परांची बांधून घेतो, आणि जुन्या लाकडावर आधी लोहचुंबक फिरवतो. हातमोजे, बांगड्या, गळ्यातला पंचा, सैल बाह्या यांतलं काहीही फिरत्या बिटाजवळ येऊ देत नाही. हातमोज्याचा एक धागा बिटाला लागला तर तो सगळा हात घेऊन जातो.

आणि म्हणूनच मेस्त्रींच्या त्या भोकातला मला सर्वांत आवडलेला भाग भोकात नव्हताच. तो शेजारी होता. तुळई घोडीवर आडवी ठेवली होती, भोक वरून खाली पाडायचं होतं. त्यांनी ड्रिलच्या बाजूच्या मुठीच्या जागी दोन फुटांचा नळ बसवला होता आणि तुळईवर एक ठोकळा शिकंज्यानं आवळला होता. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या दिशेनं फिरतं, यंत्र उलट दिशेला जाऊ बघतं. नळ त्या उलट दिशेला जाताना ठोकळ्यावरच टेकत होता. लाकूड जो पीळ परत देत होतं, तो त्यांनी लाकडालाच सांभाळायला लावला होता. स्वतः ते फक्त बिट सरळ राखत होते. एक हात दस्त्यावर, दोन बाजूंना उभे केलेले दोन गुण्ये, आणि नजर आलटूनपालटून दोन्हींवर. मी विचारलं, “मेस्त्रीनू, एवढां कित्याक?” ते म्हणाले, “बळ तेचा, टेको आपलो.”

भोकाची लय ऐकण्यासारखी होती. दीड-दोन इंच गेलं की बिट थोडं उलटं फिरवून आट्यांची पकड सोडवायची, मग ते सरळ फिरतंच ठेवून वर ओढायचं, ढलप्या झटकायच्या, पुन्हा आत. खोल भोकात ढलप्या दाटल्या तर बिट गाठीशिवायही अडकतं. मोटरचा सूर खाली उतरू लागला की ते खटका सोडत. सूर पूर्ण बसायची वाट पाहत नसत. खालच्या गालातून आट्यांचं टोक टाचणीएवढं बाहेर आलं, तिथे थांबले. तुळई उलटवली, त्या टाचणीच्या खुणेवर बिट टेकवून उरलेलं लाकूड दुसऱ्या बाजूनं काढलं. दोन्ही कडा सारख्या स्वच्छ आल्या त्या यामुळे.

मग त्यांनी तुळई खांबावर चढवली, कुसू खाचेत बसवलं, त्याच भोकातून बिटाचं टोक कुसवावर दाबून खूण केली आणि तुळई परत उतरवली. कुसवातलं भोक त्या खुणेवर पाडलं नाही. खुणेच्या एक सूत खाली, खांबाच्या खांद्याकडे सरकवून पाडलं. इंचाचा आठवा भाग. बिट थोडं भरकटलं असतं तर सूताचा हा हिशेब कोलमडला असता.

संध्याकाळी तुळई पुन्हा चढली. सुकलेल्या खैराची, फाडून आठ पैलू तासलेली, टोकाला निमुळती खुंटी त्यांनी भोकात धरली. खांबाच्या खांद्यावर आणि तुळईच्या बुडाशी अजून केसभर फट होती, तिच्यातून पलीकडचं अंगण दिसत होतं. मोगरीचे पहिले चार-पाच घाव पोकळ वाजले. खुंटी कुसवात शिरली तसा आवाज घट्ट होत गेला, खुंटी त्या एका सुतापुरती वाकली, तुळई खाली ओढली गेली, आणि फटीतलं अंगण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मिटत गेलं.