सरासरीचे बिबटे

प्राण्यांची संख्या पिढीगणिक कशी बदलते हे शिकवताना वर्गात एक सोपे गणिती प्रतिमान वापरले जाते. निम्मे नर, निम्म्या माद्या. प्रत्येक मादीला ठरावीक पिल्ले आणि त्यांतही निम्मे नर. मोठ्या संख्येला हे चालते. थोडक्या प्राण्यांना लावले की ते फसवते, असे आमचे मत आहे.

गोरेगावच्या पूर्वेला आरे आणि चित्रनगरीला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्र सुमारे १०४ चौ. कि.मी. २०१८ च्या गणनेत या सगळ्या परिसरात कॅमेऱ्यांनी ४७ बिबटे टिपले. त्यांत १७ नर, २७ माद्या. तिघांचे लिंग कळले नाही. ‘माद्या जास्त, मग काळजी कसली?’ असे विद्यार्थी म्हणतील. ते तपासून पाहू.

नाणे ४४ वेळा उडवा. हा खेळ सहादा केला, तर साधारण एकदा १७–२७ इतका किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने पडतो. तेव्हा एवढ्याच आकड्यांवरून कारणे शोधणे घाईचे होईल.

दुसरी चूक म्हणजे सगळेच नर बाप होतात असे धरणे. सीवॉल राइट यांनी १९३१ मध्ये यासाठी सूत्र दिले. नर व माद्यांच्या संख्यांचा गुणाकार करायचा, त्याची चौपट करायची आणि दोन्हींच्या बेरजेने भागायचे. १७ आणि २७ घेतले तर उत्तर सुमारे ४२ येते. पण एका नराच्या हद्दीत अनेक माद्या असतात. समजा चारच नर बाप झाले, तर उत्तर १४ वर येते. रानात बिबटे तेवढेच दिसतील, आनुवंशिक विविधता मात्र झपाट्याने घटेल.

तिसरी चूक बंद दाराची. २००९ मध्ये माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ हा नर बिबट्या सुमारे १२० कि.मी. चालून या उद्यानात पोचला. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. नरांच्या रकान्यात एक वाढला, एक घटला. पाठ्यपुस्तकी गणितात दोन्हींना जागा नाही. दार खरोखर बंद झाले तर? फ्लॉरिडातील चिमणीसारख्या एका पक्ष्याच्या उपजातीत शेवटी उरलेले सगळे नरच होते. त्यातला अखेरचा १९८७ मध्ये मेला.

म्हणून प्रतिमान टाकून देऊ नये, दुरुस्त करावे. पिल्लाचे लिंग नाणे उडवून ठरवा, काही नरांना वगळा आणि दर दोन पिढ्यांनी बाहेरून एक नर येऊ द्या. मग तोच खेळ दार बंद ठेवून खेळा. दोन्ही तक्ते फळ्यावर शेजारी मांडा आणि उद्यानाबाहेरच्या रानवाटा कशासाठी राखायच्या, हे मुलांनाच सांगू द्या.