श्याम बेनेगल यांचे चार चित्रपट

श्याम बेनेगल यांचें २३ डिसेंबर २०२४ रोजीं मुंबईस निधन झालें. त्याच्या आधीं नऊच दिवस त्यांनीं वयाचीं ९० वर्षें पुरीं केलीं होतीं. त्यानंतर ठिकठिकाणीं त्यांच्या चित्रपटांचे स्मृतिप्रयोग झाले. आमच्या गांवींहि एका मंडळानें लागोपाठ चार सायंकाळीं 'अंकुर', 'निशांत', 'मंथन' व 'भूमिका' हे चित्रपट दाखविले. चारहि दिवस मी हजर होतों. प्रत्येक खेळापूर्वीं तसबिरीस हार आणि एक भाषण असा क्रम असे. वक्ते निराळे, पण भाषण एकच : बेनेगल हे पददलितांचे कैवारी होते. हें विधान खोटें नाहीं. परंतु तें ऐकून सभागृहांतील आम्ही सुशिक्षित मंडळी ज्या स्वस्थपणें मागें रेलून बसलों, तो स्वस्थपणा पाहून मला शंका येऊं लागली कीं, आपण चित्रपट न पाहतांच त्यांचा गौरव करीत आहों.

'अंकुर' (१९७४) हा खरोखर कोणाविषयीं आहे? लक्ष्मी आणि तिचा मुका-बहिरा कुंभार नवरा किष्टय्या यांच्याविषयीं, असें कोणीहि म्हणेल. मीहि कॉलेजांत असतांना तसेंच म्हणत असें, आणि शेवटीं लहान पोरगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड भिरकावतो तेव्हां आपणच तो भिरकावला अशा थाटांत घरीं परतत असें. या वेळीं माझें लक्ष सूर्यावर खिळलें. शहरांत शिकून परत आलेला हा जमीनदाराचा मुलगा दुष्ट मुळींच नाहीं. लक्ष्मीच्या हातचा चहा घ्यावयास त्याला जातीची अडचण वाटत नाहीं. गांव कुजबुजतें याची त्याला पर्वा नाहीं. बापानें बाई ठेवली, तिच्या मुलाला जमीन दिली, याचा त्याला मनापासून संताप आहे. म्हणजे विचार सगळे आपलेच! आणि हाच मनुष्य पायरीपायरीनें बापाच्या जागीं जाऊन बसतो. लक्ष्मीला दिवस जातात तेव्हां त्याचें औदार्य संपतें. शेवटीं कामाच्या आशेनें येणाऱ्या किष्टय्याला पाहून हा सूड घ्यावयास आला अशा भयानें तो त्याला चाबकानें झोडपून काढतो. तो चाबूक क्रौर्याचा नाहीं, भेकडपणाचा आहे. अनंत नागांनीं ही भूमिका इतकी साधी ठेविली आहे कीं, आपण त्याचा द्वेष करावयास विसरतों, आणि मग फार उशीरां आपल्या ध्यानांत येतें कीं दगड आपल्या खिडकीवर आला आहे. शबाना आझमींच्या अभिनयाची स्तुति सर्वांनीं केली आहे व ती रास्त आहे. पण चित्रपटाचें मर्म मला या मुलाच्या पडेल डोळ्यांत दिसतें.

त्यांतील दक्खनी हिंदीविषयीं एक शब्द. हैदराबादच्या आसपासची ही बोली त्या काळीं हिंदी चित्रपटांत विनोदी नोकराच्या तोंडीं जात असे. बेनेगलांचा जन्म तिकडचाच. त्यांनीं ती दुःखाच्या तोंडीं दिली.

'निशांत'बद्दल (१९७५) थोडक्यांत सांगतों. विजय तेंडुलकरांची पटकथा बांधेसूद आहे. बायकोला जमीनदाराच्या भावांनीं पळवून नेल्यावर कचेऱ्यांचे उंबरठे झिजविणारा तो मास्तर (गिरीश कर्नाड) हाहि आमच्याच जातकुळींतला. तो लोकांना चेतवितो खरा. पण चेतलेला जमाव जेव्हां त्याच्या बायकोलाहि वाचूं देत नाहीं, तेव्हां चित्रपट कोणाचीच पाठ थोपटीत नाहीं.

'मंथन' (१९७६) मात्र माझ्या मनास पूर्वीं उतरला नव्हता व आतांहि पुरता उतरत नाहीं. गुजरातच्या पांच लाख दूध-उत्पादकांनीं प्रत्येकीं दोन रुपये देऊन तो काढविला, ही हकीकत इतकी सुंदर आहे कीं चित्रपटावर टीका करणें कृतघ्नपणाचें वाटावें. त्याची दुरुस्त केलेली प्रत २०२४ च्या मे महिन्यांत कान येथें दाखविली गेली, आणि मीं पाहिली ती प्रतहि डोळे निवविणारी होती. तथापि सहकारी संस्थेचें कार्य जेथें जेथें समजावून सांगावयाचें असतें तेथें तेथें पात्रें मागें सरतात व व्याख्यान पुढें येतें. चित्रपट वांचतो तो दोघांमुळें : स्मिता पाटीलांची बिंदू आणि नसीरुद्दीन शहांचा भोला. डॉक्टर राव निघून जातात व काम भोलाच्या हातीं राहतें, हा शेवट पुन्हा त्याच जुन्या प्रश्नाशीं येऊन भिडतो : बाहेरून आलेला शिकलेला मनुष्य कितपत उपयोगी?

'भूमिका' (१९७७) पाहतांना मराठी वाचकाचें मन दुभंगतें. हंसा वाडकरांचें 'सांगत्ये ऐका' हें आत्मकथन ज्यानें वाचलें असेल त्याच्या कानांत त्या बाईची घरगुती, रोखठोक मराठी बसलेली असते. ती हिंदींत येतांना उणी पडणारच, आणि पडली आहे. पण त्याच्या बदल्यांत बेनेगलांनीं काय दिलें तेंहि पाहावें. पुस्तकांत हंसाबाई स्वतः सांगतात, म्हणून सांगणाराचा एक आधार शेवटपर्यंत राहतो. चित्रपटांतील उषेला तो आधार नाहीं. ती नवऱ्याच्या घरून, मित्राच्या खोलींतून, विनायक काळ्यांच्या वाड्यांत जाते. सुखवस्तु, शिस्तीचा, देवघर असलेला तो वाडा, आणि त्याच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावयाची तिला मुभा नाहीं! अमरीश पुरींचा काळे कधीं आवाज चढवीत नाहीं. तसा त्याला तो चढवावा लागतच नाहीं. स्मिता पाटीलांना या चित्रपटासाठीं राष्ट्रीय पारितोषिक मिळालें तेव्हां त्यांचें वय पंचविशीच्याहि आंत होतें. त्या वयांत त्यांनीं थकलेली स्त्री कशी दाखविली याचा उलगडा मला चौथ्यांदा पाहूनहि झाला नाहीं.

शेवटीं एक तक्रार. पांचवा चित्रपट म्हणून 'मंडी' (१९८३) कां घेतला नाहीं, असें मीं चालकांपैकीं एका गृहस्थांना विचारलें. "बायकामुलें येतात हो, सर," ते म्हणाले. 'निशांत'मधील अपहरण बायकामुलांनीं पाहिलें तें चाललें. रुक्मिणीबाईच्या कोठीवरचें हसणें चाललें नसतें! वस्तुतः गांवांतील प्रतिष्ठित मंडळी एकत्र जमून ती कोठी गांवाबाहेर कशी घालवितात, आणि मग हळूहळू वस्तीच तिच्यामागून तिकडे कशी सरकते, हीच त्या चित्रपटाची कथा आहे. तो पुढील महिन्यांत दाखवावा असें मीं मंडळास लेखी कळविलें आहे. अद्याप उत्तर नाहीं.