दोषनोंदवहीची आवश्यकता : एक विचार

मुक्तस्रोत प्रकल्पास दोषांची स्वतंत्र नोंदवही, म्हणजे रूढ भाषेत ‘बग ट्रॅकर’, हवी की नको, हा प्रश्न बहुधा दोषांच्या संख्येवरून सोडविला जातो. ही कसोटी फसवी आहे. डोनाल्ड क्नूथ यांनी ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या संगणकप्रणालीतील चुकांची टिपणे १९७८ पासून ठेवली व १९८९ साली त्यांवर प्रबंध प्रसिद्ध केला. चुका शेकडो होत्या. तरीही एका कर्त्यास साधी रोजनिशी पुरली. (त्यांच्या वर्गीकरणात निव्वळ सुधारणाही ‘चूक’ या नावाखाली येतात, हे अर्थविचाराच्या अभ्यासकाने अवश्य पाहावे.)

डेबियनची गोष्ट निराळी. दोषवृत्तांचा संपूर्ण संग्रह सदैव लोकांस खुला राहील, असे वचन त्याच्या १९९७ च्या सामाजिक करारातच आहे. तेथे प्रत्येक वृत्तास क्रमांक मिळतो. हा क्रमांक सर्वनामाचे कार्य करतो : मूळ संभाषणात हजर नसलेल्यासही ‘तोच दोष’ असे म्हणता येते. माझ्या मते खरी कसोटी हीच होय. ‘दुरुस्त करणार नाही’ अशीही एक खूण तेथे आहे. नकार लेखी राहिल्याने पुढच्याचे श्रम वाचतात.

मात्र नोंदी वाचणाराच नसेल तर? लिनक्सच्या गाभ्याची अधिकृत मार्गदर्शिकाच सांगते की, तेथील ‘बगझिला’ या नोंदवहीकडे अनेक विभागांचे देखभालकर्ते पाहत नाहीत. दोष त्यांना थेट पत्राने कळवावा. मग ती उघडी कशास ठेवावी? विनामूल्य श्रम करून दोष कळविणाऱ्याशी हा व्यवहार सरळ नव्हे. लहान प्रकल्पास नोंदवहीवर एकही माणूस नेमता येत नसेल, तर ‘दोष अमुक व्यक्तीस कळवावा’ ही एक ओळ त्याने माहितीपत्रकात छापावी.